पारबता, तुझा जबाब मला मान्य नाही

श्रावण अमावास्या, पोळा, दुपार टळल्यानंतर. जबाबदार: तू स्वतः.

भाद्रपद शुद्ध प्रतिपदा, मारबतीची सकाळ. जबाबदार: योगराज, म्हणजे माझा मुलगा आणि तुझा भाचा, त्याच्या मागे ओरडत गेलेली वॉर्डातील पोरे, आणि आपापल्या दारात उभे राहून हसणारे सर्व शेजारी.

ऋषिपंचमी, रुग्णालय. जबाबदार: पुन्हा तू. शिवाय तो पोलीस जमादार, ज्याने तुझा जबाब लिहून घेताना तुझ्या हातांकडे एकदाही पाहिले नाही.

अनंत चतुर्दशी. जबाबदार: वर नमूद केलेले सर्व, त्याच क्रमाने.

पारबता, मी जन्मभर गोंदियाच्या कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिले. आधी तारखा, मग नावे, मग हकीकत, शेवटी मागणी, एवढीच रचना मला येते. धाकटी बहीण गेली म्हणून ती बदलणार नाही. गेलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे, असे राख सावडून परतताना मला अनेकांनी सुचवले. तो शिष्टाचार असेल. कायद्यात मला तो कुठे आढळला नाही, म्हणून मी तुझी गय करणार नाही.

तू विधवा होऊन मुर्रीला माहेरी आलीस, त्याच वर्षी योगराजची आई गेली. तो रांगत होता. तुझ्या पदरी मूल नव्हते आणि त्याला आई नव्हती. गावाने म्हटले, देवाने जुळवून आणले. तू त्याला वाढवलेस हे मी मान्य करतो. त्याच्या तोंडून निघालेला पहिला शब्द ‘आत्या’ हा होता आणि तो मला लागला होता, हेही नमूद करतो.

मधमाश्यांकडे तू पन्नाशी उलटल्यावर वळलीस, तेही अपघाताने. शेजारच्या कुसुमबरोबर तू शहरात सरकारी शिलाई प्रशिक्षणाला गेली होतीस. शिलाईच्या जागा भरल्या होत्या. बाजूच्या खोलीत पंखा होता आणि खुर्च्या रिकाम्या होत्या, म्हणून तू तिथे जाऊन बसलीस; तो वर्ग मधमाशीपालनाचा निघाला. कुसुम त्याच दुपारी घरी परतली. तू शेवटपर्यंत जात राहिलीस आणि एके दिवशी ऑटोतून दोन लाकडी पेट्या, जाळीची टोपी, धूर करायचा भाता आणि एक पुस्तिका घेऊन दारात उतरलीस.

“हे काय आहे?” मी विचारले.

“मधपेट्या होत.”

“आत काय आहे?”

“अजून काई नाई. भाडेकरू येतीन.”

“आणि भाडेकरार कोण लिहिणार?”

“तू हायेस ना, वकीलसाहेब.”

मी वकील नाही, हे तुला पक्के ठाऊक होते. परीक्षेची फी भरूनही मी बसलो नव्हतो, हेही ठाऊक होते. म्हणूनच तू तो शब्द वापरायचीस.

पुस्तिका मी वाचायची आणि हात तू घालायचे, अशी वाटणी ठरली. तुला वाचता येत होते. पण चष्म्यावरून जाळीची टोपी बसत नाही, असे तुझे म्हणणे. मग मी अंगणात खुर्ची टाकून वाचत असे. पेटी चौपायीवर ठेवावी आणि चौपायीचा प्रत्येक पाय पाण्याच्या वाटीत उभा करावा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. पेटीच्या दारासमोर उभे राहू नये, तो माश्यांचा रस्ता आहे. नेहमी बाजूने जावे. वासाचे तेल लावून जवळ जाऊ नये. ढगाळ किंवा वाऱ्याच्या दिवशी झाकण काढू नये. डंख बसला तर काटा चिमटीत धरून ओढू नये, नखाने खरवडावा, नाहीतर उरलेले विष आपणच आपल्या अंगात पिळून घेतो. प्रत्येक वाक्य मी कलमासारखे सावकाश वाचले आणि प्रत्येक कलमाचा तू भंग केलास. केसांना चमेलीचे तेल लावून गेलीस आणि डोळा सुजून बंद झाला.

“आता नोटीस पाठव त्याईले,” उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे पाहत तू म्हणालीस. “लिही, का अर्जदार बाई आंधळी झाली.”

मी हसलो होतो. आपल्या घरात मी हसल्याचे प्रसंग थोडे आहेत आणि त्यांतले बहुतेक तुझ्या नावावर आहेत.

पहिली वसाहत प्रशिक्षणवाल्यांनीच दिली होती. सारखे झाकण काढू नये, असे पुस्तिकेत स्पष्ट होते. तू रोज उघडलीस.

“रोज कशाला उघडतेस? त्रासून निघून जातील.”

“नवी सून आली तं लोकं रोज तोंड पाह्यतेच ना?”

सून निघून गेली. एका सकाळी पेटीत रिकामी पोळी होती आणि दोन-चार मेलेल्या माश्या. तू पेटीतली चौकट हातात धरून अंगणात बसलीस आणि म्हणालीस, “दादा, काई बोलू नको.” मी बोललो. भरपूर बोललो. नियम तू मोडला होतास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होते म्हणून नियम बदलत नाही, हे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे.

दुसरी वसाहत तू स्वतः धरलीस. बांधावरच्या आंब्याच्या ढोलीत सातेरी जातीच्या माश्या होत्या. तू धूर दिलास, पोळी एकेक कापून काढलीस, केळीच्या सोपटाने चौकटींना बांधलीस. मी सुरक्षित अंतरावर उभा राहून पुस्तिका ओरडून वाचत होतो.

“राणी शोध! लांब पोटाची, काळसर!”

“अरे, साऱ्याच काळ्या हायेत, आपल्या घरच्यासारख्या!” आणि थोड्या वेळाने, “सापडली! पाह्य गा दादा, कशी चालून राहिली, सरपंचीन बाईवानी!”

राणी पेटीत ठेवली तशी सगळी वसाहत तिच्यामागे दारातून आत शिरू लागली. तू गुडघे टेकून ते पाहत राहिलीस. राणी वाचली का साऱ्या वाचतेत, एवढे तू त्या दिवशी शिकलीस. पुढे तिची पेटी भरली तेव्हा तू तिचीच वाटणी करून दुसरी पेटीही वसवलीस. तोपर्यंत तुझ्या हातून नियम मोडणे कमी झाले होते. मी तसे म्हणालो नव्हतो. एका संध्याकाळी तू मला बळेच पेटीला कान लावायला लावलेस. दूरची राइस मिल चालू असावी, तसा आवाज आतून येत होता. अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसून होतो आणि तू मला जेवायला हाक मारली नाहीस. त्या संध्याकाळबद्दल मी तुझा ऋणी आहे. इथवर कृतज्ञता. आता पुढे.

उन्हाळ्यात पेटीच्या वरच्या कोठीत मध भरला. गल्लीतल्या बायकांनी पोरांच्या खोकल्यासाठी वाट्या आणल्या आणि तू कोणालाही रिकामे पाठवले नाहीस. मारबतीच्या सकाळी दारात उभे राहून हसले ते याच बायकांचे घरधनी. खालच्या कोठीला हात लावू नये, तो माश्यांचा पावसाळ्याचा शिधा आहे, हे मी तुला वाचून दाखवले होते. आपल्याकडे पावसाळ्यात चहूकडे धान असते आणि धानात त्यांच्यासाठी काही नसते. पण योगराज ग्रामपंचायतीला उभा राहणार होता.

“आत्या, साहेबलोकाईले द्याले बाटल्या पाहिजेत. शुद्ध घरचा मध म्हनून.”

तू खालची कोठीही पिळलीस.

“पोरगं पहिल्यांदा काई मांगून राहिलं,” तू मला म्हणालीस. तो रोज मागत होता. तुला दर वेळी ती पहिली वेळ वाटायची.

श्रावणात माश्या उपाशी पडल्या. तरीही तू त्या जगवल्यास, हे मी मान्य करतो. साखरेचा पाक, दिवेलागणीला, थोडासा, वाटीत काड्या टाकून म्हणजे माश्या बुडत नाहीत; वाटी पेटीच्या आत, आणि दार बोटभर लहान केलेले. उघड्यावर गोड ठेवायचे नाही, कारण उपाशी माश्या एकमेकींच्या घरांवर तुटून पडतात आणि मग दिसेल त्याला डसतात. हे तुला पाठ होते. तू कुसुमला शिकवताना मी ऐकले आहे.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी मी सौंदडला चुलतभावाकडे निघालो तेव्हा तू म्हणालीस, “दादा, आपल्या घरी बैल नाई उरला. औंदा ह्या पेट्याईचाच पोळा करतो.”

“पुस्तिकेत पोळ्याचा उल्लेख नाही,” मी म्हणालो.

“लिवनाऱ्याच्या घरी पोळाच नसन, बाप्पा!”

मला वाटले, हळदकुंकू लावशील. मी गाडीला गेलो. तू मात्र बैलांचे सगळे सोपस्कार केलेस. खांदशेकणीसारखे झाकणांना तूप-हळद चोळलीस, गेरूचे ठिपके दिलेस, पळसाच्या पानांवर पुरणपोळी ठेवलीस आणि बैलाला परातीत देतात तसे गुळाचे घट्ट पाणी परातीत भरून, भर दुपारी, दोन्ही पेट्यांच्या समोर मांडलेस. पाठ असलेला नियम तू एका सणासाठी मोडलास. एखादी अडाणी बाई असती तर मी माफ केले असते.

पुढचे मला कुसुमने सांगितले. अर्ध्या तासात अंगण काळे झाले. दोन्ही पेट्यांतल्या माश्या, वर कुठून कुठून आलेल्या, परातीवर आणि एकमेकींवर तुटून पडल्या. त्याच वेळी गावातला दुलीचंद आपली बैलजोडी पूजेसाठी दारोदार फिरवत, ओवाळणीचा बोजारा घेत आपल्या दाराशी आला. एका बैलाच्या नाकपुडीत आणि डोळ्यात माश्या शिरल्या. बैल बाशिंगासकट उधळला आणि सिमेंटच्या नालीत पडून त्याचा पाय मोडला. त्या बैलाचे पुढे काय झाले, हे दुलीचंदला विचारून पाहावे. तो लगेच पावसापाण्याचे बोलू लागतो. पण त्या संध्याकाळी चौकात, माणसे जमलेली असताना, तो योगराजला म्हणाला, “आधी आपली आत्या सांभाळ बाबू, मंग गाव सांभाळजो.”

माणसे हसली. माझा मुलगा डंख सहन करतो, हसणे सहन करत नाही. हा गुण त्याने माझ्याकडून घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी मारबत. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी, दिवस उगवायच्या आधी, माणसे पळसाच्या डहाळ्या आणि टेंभे घेऊन ओरडत शिवेकडे जातात. गावातला रोग, ढेकूण, मच्छर सगळे मारबतीबरोबर गावाबाहेर हाकलतात. त्या सकाळी ओरडणाऱ्यांच्या पुढे योगराज होता.

“खासी-खोकला, इडा-पिडा घेऊन जाय गे मारबत!”

आणि आपल्या दाराशी आल्यावर, “पारबतेच्या माश्या घेऊन जाय गे मारबत!”

गल्ली हसली. या वेळचे हसणे त्याच्या बाजूचे होते. सकाळच्या गारव्यात माश्या आतच असतात. पोरांनी पेट्यांच्या दारांत चिंध्या कोंबल्या, वरून बारदाना टाकला आणि उचलून नेल्या. तू चुलीपुढे होतीस. कळल्यावर तशीच धावलीस, टोपी न घालता, आणि तुझ्यामागे कुसुम. शिवेवर नाल्याच्या काठी डहाळ्यांच्या ढिगावर दोन्ही पेट्या ठेवल्या होत्या आणि राकेल ओतून झाले होते. तू एका पेटीचे झाकण फेकलेस आणि राणीची चौकट काढायला दोन्ही हात आत घातलेस.

त्यानंतर माचीस ओढली गेली.

मी सकाळच्या गाडीने आलो तेव्हा नाल्यावर राख होती आणि तुला रुग्णालयात नेलेले होते. दोन्ही हात कोपरापर्यंत, आणि छातीवरचे लुगडे. शुगर तुला आधीपासून होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले ते मी तुला सांगितले नाही, पण तुला ते कळले होते, नाहीतर ऋषिपंचमीला तू तसा जबाब दिला नसतास.

जमादार स्टुलावर बसला. गुडघ्यावर कागद.

“हां बाई, कैसे जला?”

“चुलीवर पानी ठेवलं होतं. भडका झाला. लुगड्याले लागला.”

“घरात कोणाशी भांडण? किसी पर शक?”

“हाय ना. चुलीवर. तिले धरून न्या.”

जमादार हसला आणि त्याने लिहून घेतले. मी उभा राहिलो तेव्हा तू माझ्याकडे असे पाहिलेस की मी खाली बसलो. तुझ्या अंगठ्याला कातडी नव्हती. त्याने पायाच्या अंगठ्याचा ठसा घेतला, तोही कागदाकडेच पाहत.

तो गेल्यावर मी म्हणालो, “खोटा जबाब देणे गुन्हा आहे.”

“मंग मले धर.”

“योगराजने माचीस ओढली तेव्हा तुझे हात पेटीत होते.”

“त्याले दिसलं नसन. धूर होता, टेंभ्याईचा.”

“कुसुम म्हणते, त्याला दिसत होते.”

“कुसुम काय म्हनते ते कुसुमच्या डोळ्याचं. तू त्याचा बाप होय का सरकारी वकील?”

“तुला काय दिसले, ते सांग.”

तू तोंड भिंतीकडे वळवलेस. मग विचारलेस, “घराकडं एखादी माशी आली का रे? पोळ्याच्या दिवशीच्या बाहेर राहिल्या असतीन.”

आल्या होत्या. मूठभर माश्या रिकाम्या चौपायीच्या फळीवर येऊन बसत होत्या. मी तसे सांगितले.

“राणीबिगर किती दिवस जगतीन?”

“पुस्तिकेत दिलेले नाही.”

“दिलं हाय,” तू म्हणालीस. “मी वाचलं होतं. तू ते पान सोडून वाचे.”

त्याच संध्याकाळी योगराज नारळपाणी घेऊन आला. तू पट्टी बांधलेला हात उचलून त्याच्या डोक्यावरून फिरवलास. तो रडला. तो खरेच रडला, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. पण रडताना त्याने काहीही कबूल केले नाही आणि तूही त्याला काही विचारले नाहीस. अनंत चतुर्दशीला तू गेलीस.

पारबता, तुला कायदा कळत नव्हता, असे मी आता म्हणणार नाही. मरणाऱ्या माणसाच्या शब्दाला न्यायालयात किती वजन असते, हे तू चाळीस वर्षे माझ्या तोंडून ऐकलेस आणि बरोबर ज्या जागी ते वापरायचे तिथे वापरलेस. आता मी पोलिसांकडे गेलो तर ते तुझा कागद माझ्यासमोर ठेवतील. मी तिथे नव्हतो. माझे सांगणे ऐकीव. कुसुम होती, पण ती म्हणते, “काका, मले याच गल्लीत राहाचं हाय.” तू ते दार आतून लावून घेतलेस आणि गेलीस. तू त्याला वाचवलेस, असे तुला वाटत असेल. माझे मत वेगळे आहे. तू एका माणसाला आयुष्यभरासाठी ही मुभा दिलीस की त्याने काय केले ते त्याला कधी उच्चारावेच लागू नये. लहानपणी तो खोटे बोलला की तू त्याच्या वतीने मला उत्तर द्यायचीस, तेव्हाही मी हेच म्हणायचो. हा वाद आपल्यात मिटलेला नाही. तू मध्येच उठून गेलीस.

कोपऱ्यावर बॅनर लागला आहे. वर तुझा फोटो, खाली हात जोडलेला योगराज, तुझ्या फोटोहून मोठा. ‘मातृतुल्य आत्यास भावपूर्ण श्रद्धांजली.’ बाजूला वॉर्डाचा क्रमांक.

तू म्हणाली असतीस, दादा, पोराचं नाव कायले खराब करून राहिला? मी हा मजकूर छापायला देत आहे. त्याचे नाव मी लपवलेले नाही, आणि त्याचे आडनाव माझेच असल्याने खराब होईल ते दोघांचेही होईल.

योगराज, तेरवीला त्याच कोपऱ्यावर तू शोकसभा ठेवली आहेस. मांडव तुझा, माइक तुझा, माणसे तू बोलावलेली. मी पुढच्या खुर्चीवर बसेन. घरी येऊन, दार लावून, माझ्या पाया पडून उत्तर देऊ नकोस. ते मी ऐकून घेणार नाही. ज्यांच्यासमोर माचीस ओढलीस त्यांच्यासमोर बोल. तू ‘नाही’ म्हणालास तर मी ते जन्मभर खरे मानीन आणि पुन्हा एक अक्षर लिहिणार नाही, एवढे वचन इथे छापून देतो. पण ते तुला तुझ्या तोंडाने म्हणावे लागेल. आत्याचे दोन्ही हात पेटीत आहेत, हे तुला दिसत होते की नाही?